बटण उजवं, दृश्य डावीकडे

प्रश्न : 'सुपर मारिओ ६४' आयुष्यात पहिल्यांदा खेळतो आहे. उजवीकडचं बघायला उजवं बटण दाबलं की दृश्य नेमकं उलट दिशेला सरकतं. भिंतीशी गेलं की कॅमेरा वळतच नाही. जुने गेम असेच होते का?
– एक वाचक

उत्तर : ते बटण तुमची मान वळवत नाही, कॅमेरावाल्याला हलवतं. गेमच्या सुरुवातीला ढगावर बसलेला लाकिटू आठवा, गळाच्या काठीला कॅमेरा टांगलेला. उजवं पिवळं बटण दाबलं की तो मारिओभोवती उजवीकडे सरकतो, म्हणून आपल्याला डावीकडचं दिसायला लागतं. मलाही हे बरेच दिवस उमगलं नव्हतं. किल्ल्यातल्या आरशांच्या खोलीत मारिओच्या पाठीमागे तरंगणारा लाकिटू दिसला आणि लख्ख उजेड पडला. पुढे अंगठा चुकला नाही.

१९९६ साली त्रिमिती गेममध्ये कॅमेरा कसा हाताळायचा, याची रीत ठरलेली नव्हती. हा गेम ज्या यंत्रासाठी आला, त्या निन्टेन्डो ६४च्या कंट्रोलरवर स्टिक एकच, ती मारिओला चालवण्यात गुंतलेली. कॅमेऱ्याच्या वाट्याला चार पिवळी बटणं आली, म्हणून तो सलग न फिरता टप्प्याटप्प्याने वळतो. जागा नसली की नकाराचा आवाज येतो. अशा वेळी आर (R) बटण दाबा, कॅमेरा मारिओच्या पाठीशी जवळ येतो.

त्याच वर्षीच्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये मागची दृश्यं आधीच तयार केलेली स्थिर चित्रं होती, त्यामुळे कॅमेरेही जागच्या जागी. तिथे 'वर' दाबलं की पात्र स्वतःच्या तोंडासमोर चालतं, दृश्य कुठूनही दिसो. लोक या चालीला अवघड म्हणतात. मला ती फार विचारपूर्वक केलेली वाटते, कारण कॅमेरा अचानक बदलला तरी पळणारं पात्र मागे फिरत नाही. १९९८च्या 'ऑकारिना ऑफ टाइम'ने झेड बटणाने शत्रूवर नजर रोखायची सोय दिली. त्या काळातला सगळ्यात सुंदर तोडगा, माझ्या मते, हाच.

तुमच्या गेमबद्दल एकच सांगतो. मारिओची दिशा कॅमेऱ्यावरून ठरते. अरुंद फळीवर कॅमेरा तिरका असेल, तर स्टिक सरळ पुढे ढकलूनही मारिओ तिरकाच जातो आणि खाली पडतो. फळीच्या तोंडाशी थांबा, कॅमेरा अगदी पाठीमागे आणून घ्या, मगच पाऊल टाका.