सह्याद्रीतल्या डोंगरी गावांसाठी काही करायचं असेल, तर पावसाळ्यात झाडं लावायला यावं का?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून दहा-बारा जण मिळून आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात झाडं लावायला आलात तर गावांना उपयोग होईल का. माझं माहेर भीमाशंकरच्या अंगाचं, म्हणून स्पष्टच सांगते: झाडं लावायला येऊ नका. जी उभी आहेत ती टिकवायला हातभार लावा.

आमच्याकडं भात घरात खायला होतो, रोख पैसा येतो तो हिरड्याचा. एप्रिल-मे महिन्यात फळ कोवळं असतं, आतली बी टणक झालेली नसते. तो बाळहिरडा. औषधाला त्याला मागणी असते. मोठा झालेला हिरडा कातडं कमवायला, रंगाला जातो, त्याला भाव फार कमी. म्हणजे वर्षाची कमाई त्या थोड्या आठवड्यांत करायची. कुठलं झाड कुठल्या घराचं, हे गावात सगळ्यांना तोंडपाठ असतं. भाऊ झाडावर चढून काठीनं झोडतो, खाली आई आणि वहिनी वेचतात. मग अंगणात वाळवण. दिवसातून दोनदा पायानं खालीवर करायचं. नीट वाळला की काळा कुळकुळीत होतो, ओंजळीत हलवला की खडखड वाजतो. पण नेमका त्याच दिवसांत वळीव येतो. आभाळ भरून आलं की जेवणाच्या ताटावरून उठून सगळे अंगणात धावतात. एकदा भिजला की बुरशी धरते आणि मग दारात आलेला व्यापारी म्हणेल तो भाव. काटाही त्याचाच.

भाव पडला की काय होतं ते मी पाहिलंय. माणसं मजुरीला नारायणगावच्या बाजूला जातात आणि मालकीच्या रानातलं जुनं झाड लाकूडवाल्याला दिलं जातं. भाव बरा असला की त्याच झाडाला कुणी कोयता लावू देत नाही. घाईघाईनं फांद्याच तोडून खाली फळं वेचणारेही आमच्यात आहेत, ते चुकीचंच आहे. पण हातात पैसा लवकर हवा असतो म्हणून ते होतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या पट्ट्यातले जुने हिरडे मुळासकट आडवे झाले. नवीन रोप फळाला यायला कितीतरी वर्षं जातात, तोवर त्या घरानं काय करायचं?

आता तुमच्याबद्दल. मागं एका गटानं आमच्या गायरानात गुलमोहर लावले, फोटो काढले, गेले. मार्चच्या वणव्यात एकही राहिला नाही. वणवा हाच खरा वैरी. तेव्हा जुलैऐवजी थंडीत या, गवत वाळायच्या सुमाराला, आणि गावासोबत जाळरेषा काढा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा पट्टा करा. अंग दुखेल, पण त्यानं शेकडो झाडं वाचतील.

पैसे जमवणार असाल तर वाळवणासाठी पत्र्याची शेड आणि गावाच्या मालकीचा वजनकाटा करून द्या. माल चार दिवस घरात थांबवता आला की भाव विचारायची ताकद येते.

तुमच्यात नकाशे, संगणकाचं काम येणारं कुणी असेल तर त्याची गरज सगळ्यात जास्त आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, म्हणजे हिरड्यासारख्या रानातल्या मालावर, लोकांचा हक्क मानला आहे. पण हा हक्क सगळ्या गावासाठी मागायच्या सामूहिक दाव्याला हद्दीचा नकाशा, जुने कागद, ग्रामसभेचा ठराव असं सगळं जोडावं लागतं आणि कितीतरी गावांचं घोडं तिथंच अडतं. म्हाताऱ्या माणसांसोबत रानात फिरून ओढा, देवराई, चराईची वाट नकाशावर उतरवायला दोन-तीन रविवार लागतील.

मात्र आधी ग्रामसभेत येऊन बसा. गाव काय म्हणतं ते ऐका, मग तारीख ठरवा. मे महिन्यात येऊ नका, तेव्हा सगळं गाव हिरड्यात असतं.