गॅरेजमधला चार्जर: आधी अर्थिंग बघा, किलोवॅटचं नंतर

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी पुढच्या आठवड्यात येतेय, तिच्यासोबत ७.२ किलोवॅटचा चार्जर मिळतोय, पण वायरमन म्हणतो त्यासाठी थ्री फेज घ्यावं लागेल. त्यापेक्षा पोर्चमध्ये पाण्याच्या मोटरचा जो १५ अँपिअरचा पॉइंट आहे त्यावर गाडी लावा, काही होत नाही, असंही तोच सांगतो. जुळे सोलापुरातलं पंधरा वर्षांचं घर, पुढे पत्र्याची शेड, रोजचं फिरणं चाळीसेक किलोमीटर. यातलं काय करू?

वायरमनचं निम्मं बरोबर आहे. थ्री फेजची घाई करू नका, हे मीही सांगेन. पण ‘काही होत नाही’ हे मात्र ऐकू नका. मी तीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या मोटारी सांभाळल्या, आणि गेली तीन वर्षं होटगी रोडला घरीच गाडी चार्ज करतोय.

आधी गरज किती ते काढू. गाडी एका युनिटमागे सात किलोमीटर धरली तर चाळीस किलोमीटरला पावणेसहा युनिट. चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून साडेसहा धरा. गाडीसोबत येणारा तीन पिनांचा पोर्टेबल चार्जर साधारण तीन किलोवॅट देतो. म्हणजे रोजचं काम सव्वादोन तासांत झालं. समजा पुण्याहून रात्री दहाला आलात, बॅटरी १५ टक्क्यांवर आहे आणि सकाळी सहाला तुळजापूरला निघायचंय. आठ तासांत वीस-बावीस युनिट आत जातील. चाळीस युनिटची बॅटरी असेल तर ती पासष्ट-सत्तर टक्क्यांवर येते. तुळजापूर ४५ किलोमीटर, जाऊन-येऊन नव्वद. आरामात होतं.

उलट ७.२ चा चार्जर एकटा ३२ अँपिअर ओढतो, तोही तासन्तास. त्यात दीड टनाचा एसी सात अँपिअर आणि गीझर नऊ मिळवला की ४८ झाले. हे एका फेजवर बसत नाही. त्यासाठी मंजूर भार वाढवायचा, थ्री फेज मीटर घ्यायचा, मीटरपासून गॅरेजपर्यंत नवी जाड केबल टाकायची. घरात दोन गाड्या असतील किंवा रोजचं फिरणं दीडशे किलोमीटर असेल तर जरूर करा. तुम्हाला आज त्याची गरज नाही. मिळालेला चार्जर खोक्यात राहू द्या, पुढे थ्री फेज घेतलंत की बसवता येईल.

आता तो मोटरचा पॉइंट. पाण्याची मोटर आपल्याकडे चार-पाच दिवसांनी नळ आला की तासभर चालते. अर्ध्या एचपीची मोटर तीन-चार अँपिअर घेते. गाडी तेरा अँपिअर घेते आणि थांबत नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या पॉइंटला बहुतेक अडीच स्क्वेअर एमएमची वायर असते, मध्ये दोन-तीन ठिकाणी नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेली. सॉकेटच्या आतली पितळी पात सैल झालेली असते. तासाभरासाठी हे चालतं. चार तास तेरा अँपिअर गेले की तोच सैल सांधा तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि शेवटी प्लगची पिन काळी पडून सॉकेट वितळतं. हे मी शेजारच्या दोन घरांत स्वतः पाहिलंय, दोन्हीकडे बाहेरून काही दिसत नव्हतं. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको.

म्हणून मेन बोर्डापासून गॅरेजपर्यंत नवी, स्वतंत्र लाइन काढून घ्या. तांब्याची ४ स्क्वेअर एमएम वायर, मध्ये कुठेही सांधा नाही, तेवढ्याच जाडीची हिरवी अर्थ वायर सोबत. पुढेमागे ७.२ बसवायचा विचार असेल तर पाइप आत्ताच एक इंचाचा टाका, म्हणजे जाड वायर त्यातूनच ओढता येईल. या लाइनला वेगळी २० अँपिअरची एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. इथे सोलापूरकरांसाठी एक खास गोष्ट: एमसीबीचं माप ३० अंश तापमानाला धरून ठरवलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे ४३-४४ होतं आणि पश्चिमेच्या भिंतीवरच्या पेटीत त्याहून जास्त. तिथे १६ ची एमसीबी तेरा अँपिअरलाही कधीकधी पडते, मग कुणीतरी वैतागून ३२ ची टाकतं आणि वायरीचं संरक्षणच जातं. पेटी घराच्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीवर घ्या. शेडच्या लोखंडी खांबावर सॉकेट बसवू नका.

एमसीबीसोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, हवीच. दुकानात मागताना ‘ए टाइप’ म्हणून मागा. साधी ‘एसी टाइप’ स्वस्त मिळते, पण गाडीच्या चार्जरमधून थोडी डीसी (बॅटरीसारख्या एकाच दिशेच्या विजेची) गळती झाली तर ही आरसीसीबी आंधळी होऊ शकते, म्हणजे गळती ओळखतच नाही. पुढे ७.२ बसवलात तर त्याच्या माहितीपत्रकात बघा, ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय आत आहे का. असेल तर ए टाइप पुरते, नसेल तर बी टाइप लागते.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते, अर्थिंग.

माझ्याकडे गाडी आली तेव्हा पोर्टेबल चार्जर लावताच लाल दिवा लागायचा, अर्थ नाही म्हणून. मी गावी गेलो होतो. मुलानं ओळखीच्या वायरमनला बोलावलं, त्यानं पाच मिनिटांत हिरवा दिवा लावून दिला. सगळे खूश. तीन आठवड्यांनी वळवाचा पाऊस झाला. पोर्चमध्ये पाणी साचलेलं, गाडी चार्जिंगला, आणि आमच्या सौ. अनवाणी पायांनी दार उघडायला गेल्या तर हाताला झिणझिण्या आल्या. मी मेन बंद करून सॉकेट उघडलं. आत न्यूट्रल आणि अर्थच्या स्क्रूमध्ये दोन इंचांचा लाल वायरचा तुकडा जोडलेला होता. घराला अर्थ नव्हताच, त्या तुकड्यानं चार्जरला फसवलं होतं. त्या दिवशी कुठेतरी न्यूट्रल सैल झाला होता, मीटर लावून बघितलं तर न्यूट्रल आणि ओल्या जमिनीमध्ये ३८ व्होल्ट. ते सगळं गाडीच्या पत्र्यावर येत होतं. न्यूट्रल पूर्ण तुटला असता तर पत्रा थेट फेजच्या दाबावर गेला असता, आणि तेव्हा आमच्याकडे आरसीसीबीही नव्हती. तो लाल तुकडा मी अजून टेबलाच्या खणात ठेवलाय.

म्हणून तुमचा वायरमन ‘दिवा हिरवा झाला’ म्हणाला की तेवढ्यावर थांबू नका, त्याला सॉकेट उघडून दाखवायला सांगा. मग मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन आकडे जवळजवळ सारखे हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट ठीक. गाडी चार्ज होत असतानाही मोजा, तेव्हा तीन-चारच्या वर जात असेल तर कुठेतरी गडबड आहे. आणि नेमका शून्यच दाखवत असेल तर तोच लाल तुकडा आत असण्याची शक्यता जास्त. फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून बघायची जुनी पद्धत आहे, ती नव्या आरसीसीबीच्या मागे केली तर आरसीसीबी पडलीच पाहिजे. नाही पडली तर काम झालेलं नाही.

अर्थचा खड्डा नवा घ्यावा लागेल असं धरून चाला. सोलापूरची काळी माती ओली असते तेव्हा अर्थिंगला उत्तम. पण उन्हाळ्यात ती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मातीचा खड्ड्यातल्या अर्थच्या नळीशी असलेला संबंधच सुटतो. पावसाळ्यात मोजलेला अर्थचा रोध एप्रिलमध्ये चौपट झालेला मी पाहिलाय. त्यामुळे नळीभोवती नुसती माती लोटू नका, बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) भरा. ते ओल धरून ठेवतं आणि नळीला चिकटून राहतं. मीठ-कोळसा जुनी पद्धत, चालते, पण मीठ जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) नळी काही वर्षांत खाऊन टाकतं. जुळे सोलापुरात बऱ्याच ठिकाणी तीन-चार फुटांवर मुरूम लागतो, खाली कातळ. दहा फूट खणणं झालं नाही तर दोन-तीन आखूड सळ्या ठोका, सळीच्या लांबीएवढं तरी अंतर ठेवा आणि तांब्याच्या पट्टीनं एकत्र जोडा.

खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावं लागतं. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी जमिनीत ओतायला जीवावर येतं, मला कळतं. मी एसीच्या पाण्याची नळी सरळ खड्ड्यात सोडली आहे. कडक उन्हाळ्यात एसी जास्त चालतो, तेव्हाच खड्ड्याला पाणी जास्त लागतं, जमून गेलंय.

काळ्या मातीतून वायर न्यायची असेल तर साधा पीव्हीसी पाइप पुरू नका. माती फुगते-आकसते तसा तो सांध्यावर निखळतो, पाणी शिरतं, उंदीर शिरतात. भिंतीवरून न्या, नाहीतर वाळूच्या थरात आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल टाका.

बिलाचं बोलू. घरची गाडी घरच्याच जोडणीवर चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुभा आहे, वेगळा परवाना लागत नाही. पण घरगुती दर टप्प्यांचा आहे. तुमचा वापर महिना २०० युनिट असेल तर गाडीचे १९५ मिळून ३९५ होतात, आणि शेवटचे ९५ युनिट ३०१ ते ५०० च्या महाग टप्प्यात जातात. २०२४ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीनं गाडीसाठी वेगळी जोडणीही मागता येते. तिला वेगळा स्थिर आकार लागतो, त्यामुळे एका गाडीला, एवढ्या फिरण्याला मी ती घेतली नसती.

रात्रीच चार्ज करा हा सल्ला सगळीकडे मिळेल. पण तुमच्याकडे नवा टीओडी (वेळेनुसार वापर मोजणारा) मीटर बसला असेल तर १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली आहे, म्हणजे दिवसा स्वस्त. फक्त उन्हाळ्यात दुपारी दोन ते पाच टाळा. पत्र्याखाली हवा भट्टीसारखी होते, उन्हातून आलेल्या गाडीची बॅटरी आधीच गरम असते, मग बॅटरी गार ठेवण्यातच वीज जाते. सकाळी नऊला लावा, साडेअकराला काढा. ज्यांना सकाळी गाडी बाहेर काढावी लागते त्यांनी पहाटे लावावी, आल्या आल्या लगेच लावू नये. शेडच्या पत्र्याला वरून पांढरा उष्णतारोधक रंग मारून घ्या, एका दिवसात फरक कळतो.

आपल्या गावात ऊन फुकट आहे, तेव्हा छतावर सौर बसवायचं मनात असेल तर बसवाच. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे आणि तेवढ्यात दिवसाला सरासरी बारा युनिट निघतात, गाडीचे साडेसहा त्यातच भागतात.

मे महिन्यात वळवाचे ढग, विजा दिसल्या की प्लग काढून ठेवायचा, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

लाइन झाली की पहिल्या दिवशी गाडी लावून तासाभरानं प्लगला उलट्या हातानं स्पर्श करून बघा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा आणि सॉकेट बदला. आणि चालू चार्जिंगमधले तीन आकडे इथे टाका: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. मी बघून सांगतो. अर्थचा खड्डा कुठे घ्यायचा ते फोटोवरून कळत नसेल तर एखाद्या रविवारी सकाळी येऊन जागा दाखवतो, होटगी रोडवरून फार लांब नाही.