सिंहासन मिळाल्यानंतरची गोष्ट

प्रश्न : किशोरांसाठी लिहिलेल्या माझ्या अद्भुतरम्य कादंबरीचा पहिला भाग नायिका गादीवर बसते तेथे संपतो. दुसऱ्या भागात दर प्रकरणात नवा शत्रू चालून येतो आणि तरुण राणी मंत्रशक्तीने त्याला परतवते. हस्तलिखित वाचणाऱ्यांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या राणीला कोणावर विसंबावेच लागत नाही, हे मला या कथानकातले खरे वैगुण्य वाटते. आपण साताऱ्याचे आहात, म्हणून अजिंक्यताऱ्याचेच उदाहरण देतो. १७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज निवर्तले, तेव्हा ताराबाई पंचविशीच्या होत्या आणि या किल्ल्याला औरंगजेबाचा वेढा पडलेला होता. एप्रिलमध्ये किल्ला गेला. तरीही लहानग्या मुलाच्या नावाने कारभार हाती घेऊन त्यांनी बादशहाला अखेरपर्यंत झुंजवले आणि किल्लाही परत मिळवला.

मात्र दुसऱ्या भागाला लागणारी सामग्री त्यापुढे आहे. १७०७ मध्ये बादशहा वारला, मोगलांनी शाहूंना सोडले आणि गादीला दुसरा वारस उभा राहिला. ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवले. पण खेडच्या लढाईत त्यांचेच सेनापती धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. पुढे ताराबाईंच्या बाजूचे परशुरामपंत प्रतिनिधी साताऱ्याचा किल्ला देईनात, तेव्हा शाहूंनी किल्ल्यावरील अंमलदार शेख मिरा याची वाईतील बायकामुले ताब्यात घेऊन त्यांना तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली, असे सांगतात. शेख मिराने प्रतिनिधींना कैद केले आणि किल्ला शाहूंच्या हवाली केला. जानेवारी १७०८ मध्ये तेथे राज्याभिषेक झाला, तो शाहूंचा.

शेख मिराला नुसता फितूर म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. असा एक माणूस आपल्या राणीच्या पदरी असू द्या आणि तो दरवाजा उघडतो त्या रात्रीचे प्रकरण त्याच्याच बाजूने लिहा. मंत्रशक्ती काढून टाकण्याचे कारण नाही. राणीने तिच्या बळावर फौज खुशाल जाळावी, पण शत्रूच्या ताब्यातली मुले त्या आगीतून वाचणार नाहीत, अशी मर्यादा तिला घाला. प्रतिस्पर्धी वारसालाही खलपुरुष करू नका. संभाजी महाराजांचे पुत्र असलेले शाहू लहानपणापासून मोगलांच्या कैदेत वाढले होते, आणि त्यांचा हक्क अनेक सरदारांना मनापासून पटला होता. किशोर वाचकांना हे पेच झेपणार नाहीत, अशी शंका घेऊ नका. लढाया दोनच ठेवा आणि वाचलेली पाने दरबाराला द्या.