नेमबाजी : तुमचे प्रश्न

प्रश्न : बालेवाडीच्या रेंजवर मी चार वर्षे .२२ स्पोर्ट्स पिस्तूल चालवतो. मुलाकडे अमेरिकेला गेलो तेव्हा तिथल्या रेंजवर .५० एई (ॲक्शन एक्सप्रेस) या जाड काडतुसाचे डेझर्ट ईगल चालवून पाहिले. दर दोन-तीन गोळ्यांनंतर अडकायचे. काडतुसे कंपनीची, नवी होती. दोष कशात असावा?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : बहुधा तुमच्या पकडीत. आपल्या २५ मीटर स्पर्धेत पिस्तूल एका हातात धरायचे आणि वजन १४०० ग्रॅमच्या आत. डेझर्ट ईगल रिकामेच दोन किलोच्या आसपास भरते. त्याची १९ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेगाने सुटते, ऊर्जा .२२ च्या साधारण पंधरापट.

हे पिस्तूल गॅसवर चालते. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, लगेच पुढे नळीला बारीक भोक असते. तिथून गॅस नळीखालच्या वाटेने तोंडाकडे जातो, दट्ट्याला ढकलतो आणि दट्ट्या स्लाइडला (वरच्या सरकत्या भागाला) मागे रेटतो. त्या क्षणी खालची फ्रेम जागेवर राहायला हवी. मनगट ढिले असेल तर फ्रेमही मागे जाते, स्लाइडचा पल्ला अपुरा पडतो आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच उभी अडकते.

दुसरा संशय डाव्या हातावर. बशी धरावी तसा तो मुठीखाली लावला होता का? या पिस्तुलाचे मॅगझीन किंचित सैल बसते आणि तसेच बसायला हवे. खालून दाब आला की वरचे काडतूस चेंबरकडे वाकडे जाते. डाव्या हाताची बोटे उजव्या बोटांवर समोरून गुंडाळा, कोपरे जराशी वाकवा, मनगटे घट्ट. अंगठे स्लाइडपासून दूर, नाहीतर सालटे निघेल.

पहिल्यांदा मॅगझीनमध्ये एकच काडतूस भरा. दणक्याने बोट नकळत पुन्हा ट्रिगरवर दाबले जाते, आणि दुसरी गोळी छताकडे जाते. पिस्तूल अडकले तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून बोट बाहेर घ्या, मॅगझीन काढा, मग स्लाइड ओढा. चाप ओढूनही बार उडाला नाही तर आधी तीस सेकंद थांबा. आवाज फुसका आला तर पुढची गोळी मुळीच नको; आधीची नळीत अडकलेली असू शकते. नुसत्या शिशाच्या गोळ्या या पिस्तुलाला वर्ज्य, कारण शिसे खरवडून गॅसचे भोक बुजते.

प्रश्न : माझ्याकडे .३२ चे परवान्याचे पिस्तूल आहे. मित्राच्या .३२ रिव्हॉल्व्हरची काडतुसे त्यात चालतील का? जोर जास्त असतो म्हणतात.
– एक वाचक, वारजे

उत्तर : नाही. आकडा एक, काडतुसे दोन. पिस्तुलाची पुंगळी १७ मिमी लांब, रिव्हॉल्व्हरची २३ मिमीच्या वर. जास्त दारू भरून घेण्याचा विचारही नको. .३२ पिस्तुलात स्लाइडला नळीशी जखडणारे कुलूप सहसा नसते; पुंगळीला स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग एवढेच रोखून धरतात. दाब वाढला की ती वेळेआधी मागे सरकते आणि आधार सुटलेल्या भागात फाटते. शिवाय परवान्याशिवाय दारू भरून काडतूस तयार करणे हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. खरेदी करताना डब्यावर ‘पिस्तूल’ की ‘रिव्हॉल्व्हर’ ते वाचून घ्या.