शस्त्रक्रियेनंतर न थांबणारी डोकेदुखी आणि ‘ब्लॉक’

प्रश्न : कानाच्या नसेवरील गाठीसाठी माझ्या पत्नीची (वय 46) शस्त्रक्रिया मुंबईत होऊन आठ महिने झाले. नुकताच केलेला एमआरआय स्वच्छ आहे. परंतु उजव्या कानामागून माथ्याकडे जाणारी कळ थांबत नाही. अंबाडा घालता येत नाही, डोक्यावर आंब्याची पाटी घेणे तर सुटलेच. रोज दोन-तीन वेदनाशामक गोळ्या लागतात. डॉक्टर ‘नर्व्ह ब्लॉक’ सुचवतात. सुई मेंदूत जाते का?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : ‘ब्लॉक’ म्हटले की आपल्याकडे हृदयाच्या रक्तवाहिन्याच आठवतात, येथे काही तुंबलेले नसून, वेदनेचा निरोप नेणारी नस औषधाने काही काळ गप्प करायची असते. कानामागून कवटी उघडताना मानेतून वर येणाऱ्या ऑक्सिपिटल नसा ताणल्या वा कापल्या जाऊ शकतात, किंवा पुढे व्रणात अडकतात. व्रणाच्या कडेला बोटाने हलकेच टकटक केल्यावर नेमकी तीच कळ माथ्याकडे उमटत असेल, तर दुखण्याचे मूळ त्वचेखालच्या नसेत असण्याची शक्यता वाढते.

सुई मेंदूत जात नाही. रुग्णाची मान पुढे झुकवून, डोक्यामागचा हाडाचा उंचवटा आणि कानामागचे हाड यांना जोडणाऱ्या रेषेवर, उंचवट्यापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर धमनीचा ठोका चाचपतात आणि त्याच्या आतल्या बाजूस लिग्नोकेन किंवा ब्युपिव्हकेन हे बधिर करणारे औषध, कधी सोबत थोडे स्टिरॉइड, टोचतात. मात्र शस्त्रक्रियेत काढलेले हाड परत बसवलेले नसेल, तर तेवढ्या जागी सुईला अडवणारी कवटीच नसते. म्हणून ऑपरेशनचे टिपण आणि सीटी स्कॅन बरोबर न्यावेच. (अनेकजण बिलांची फाइल जपून आणतात आणि स्कॅन घरी विसरतात.) मधुमेह असल्यास स्टिरॉइडने साखर काही दिवस वाढू शकते, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तीही आधी सांगावी.

बधिरपणा काही तासांत उतरतो. आराम मात्र कोणाला काही दिवस, कोणाला काही आठवडे मिळतो, कोणाला मिळतही नाही. थोडा वेळ जरी बरे वाटले, तरी नस योग्य पकडली हे कळते आणि पुन्हा ब्लॉक किंवा पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सी (सुईतून रेडिओलहरींचे थांबून थांबून झटके देऊन नस शांत करण्याचा उपाय) यांचा विचार करता येतो.

मला अधिक काळजी वाटते ती रोजच्या गोळ्यांची. महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्यास त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागू शकते. ब्लॉकने मिळालेले आरामाचे दिवस त्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करण्यासाठी वापरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताप, व्रणातून वा नाकातून पाण्यासारखा स्राव, उलट्या, दिसण्यात फरक किंवा गुंगी आल्यास मात्र ब्लॉकच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी चिपळूण किंवा रत्नागिरी गाठावी आणि मुंबईच्या सर्जनना फोन करावा.

ब्लॉकनंतर अर्धा तास तेथेच बसावे, आणि त्या दिवशी बंबाचे कडकडीत पाणी डोक्यावर घेऊ नये. बधिर त्वचेला भाजल्याचे कळत नाही.