डेंटिंगच्या कामाला शिकाऊ उमेदवार

प्रश्न : होटगी रस्त्यावरील माझ्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात पाच कामगार आहेत. दहावी झालेल्या मुलाला रीतसर शिकाऊ म्हणून घेता येईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : येईल. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खालील नियमांनुसार चार किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेता येतात. मात्र केंद्राच्या पोर्टलवर नोंदणी, लेखी करार आणि दरमहा विद्यावेतन आवश्यक आहे. त्याला नुसते चहा आणायला आणि गाड्या पुसायला ठेवू नये (बहुतेक ठिकाणी तेच घडते), तर पत्र्यामागे डॉली (आधाराचा लोखंडी ठोकळा) धरून हातोडीने पोचा काढणे, पुट्टी ८० नंबरच्या सँडपेपरने घासून पुढे बारीक कागदावर जाणे, हे क्रमाने शिकवावे. रंगाच्या हार्डनरमधील (रंग घट्ट व्हावा म्हणून मिसळायच्या द्रव्यातील) आयसोसायनेट या रसायनामुळे दमा जडू शकतो. त्यामुळे फवारणीसाठी रुमाल चालत नाही, योग्य श्वसन-मास्कच हवा, आणि अठरा वर्षांखालील मुलाला ते काम देऊच नये.