वाचकांचे प्रश्न : टर्बो गाडीचं रिमॅपिंग

प्रश्न : २०२१ची फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय, मॅन्युअल. ४८ हजार किलोमीटर झालेत. मूळ ताकद ११० पीएस, टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. एक ट्यूनर फक्त इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून (रिमॅप करून) १४० पीएस आणि २४० न्यूटन-मीटर देतो म्हणतो. इंजिनाला धोका कितपत? (नाशिक)

उत्तर : १४० पीएसची फारशी चिंता नको. तो २४० न्यूटन-मीटर टॉर्क किती आरपीएमला मिळतो, ते आधी विचारा. थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनात १,५००-२,००० आरपीएमला बूस्ट, म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब, फार वाढवला, की तेलाच्या थेंबामुळे किंवा काजळीच्या कणामुळे मिश्रण ठिणगीआधीच पेटतं. याला एलएसपीआय (लो-स्पीड प्री-इग्निशन) म्हणतात. साधं नॉकिंग (ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण आपोआप पेटून बसणारा ठोका) ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेऊन आवरतो. इथे ठिणगी पडलेलीच नसते, त्यामुळे त्याच्या हातात काही उरत नाही. अशा एक-दोन दणक्यांतसुद्धा पिस्टनची, रिंगांच्या मधली कड तुटू शकते.

म्हणून ट्यूनरला स्पष्ट सांगा : २,०००च्या खाली टॉर्क मूळचाच ठेवा, पुढे हळूहळू चढवा आणि कमाल २,५००च्या आसपास येऊ द्या. गाडी थोडी कमी ‘झेपावेल’, पण टिकेल. इंजिन तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं आणि शिवाय एपीआय एसपी हा दर्जा असलेलंच घाला. त्या दर्जात एलएसपीआयची चाचणी असते. आणि कसारा घाटात पाचव्या गिअरमध्ये १,५००वर पाय पूर्ण दाबायचा नाही. गिअर उतरवा.

रिमॅपआधी स्कॅनरवर फॉल्ट कोड पाहा, बूस्ट पाइपांची स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या, स्पार्क प्लग नवे बसवा. दाब वाढला की ठिणगीला फट ओलांडणं जड जातं, आणि पूर्ण थ्रॉटलला गाडी मिसफायर करते. लोक अशा वेळी मॅपला, म्हणजे नव्या सॉफ्टवेअरला, दोष देतात. बहुतेकदा दोष प्लगमध्ये किंवा कॉइलमध्ये असतो. अशा मॅपवर फट साधारण ०.६-०.७ मिमी ठेवतात. इरिडियम प्लगचं मधलं टोक मात्र गेजने दाबू नका, मोडतं.

फाइल लिहिताना इग्निशन चालू असतं, मधेच रेडिएटरचा फॅन सुरू होतो आणि बॅटरीचा व्होल्टेज पडतो. लिहिणं अर्धवट राहिलं तर गाडी सुरूच होणार नाही. ईसीयू काढून टेबलावर पुन्हा लिहावा लागतो. १३ व्होल्टच्या वर धरून ठेवणारा, किमान ३०-४० अँपिअरचा सप्लाय लावलेला दिसला पाहिजे. घरगुती ट्रिकल चार्जर यासाठी कुचकामी आहे. मूळ फाइलची प्रत आणि सॉफ्टवेअर क्रमांक मागून घ्या.

नंतर डायनोवर (जागेवरच चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), समोर मोठा पंखा लावून, लागोपाठ तीन रन. एकच रन दाखवणाऱ्याकडे पैसे देऊ नका. या इंजिनाचा पाण्याने थंड होणारा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारा भाग) इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे; तो तापला की खरं चित्र तिसऱ्या रनला दिसतं. लॉगमध्ये मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण आदर्शाच्या तुलनेत किती) आणि रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणाऱ्या इंधनाचा दाब) हवं. एखाद्या सिलिंडरचं टायमिंग सतत ३-४ अंशांहून जास्त मागे जात असेल, तर बूस्ट कमी करायला लावा. रेल प्रेशर मागणीच्या खाली घसरत असेल, तर पंपाची क्षमता संपलीय. एक किलो शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, ई२०ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) सुमारे १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ९ टक्के जास्त इंधन. म्हणूनच वाचन लॅम्डामध्ये घ्यावं, तो इंधनानुसार बदलत नाही. मॅप ज्या ऑक्टेनवर बसवला, त्याहून कमी ऑक्टेनचं इंधन भरू नका.

प्रश्न : फोक्सवॅगन व्हर्टस १.५ टीएसआय, डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). ३०० न्यूटन-मीटरचा मॅप चालेल? (पुणे)

उत्तर : नाही. तुमच्या ड्राय-क्लच गिअरबॉक्सची, म्हणजे डीक्यू२००ची मर्यादा २५० न्यूटन-मीटर, आणि इंजिन मुळातच तेवढा टॉर्क देतं. हिंजवडीच्या गर्दीत तो क्लच आधीच तापतो. हाव असेलच तर टॉर्क २५०वर अडवून वरच्या आरपीएमला टिकवता येतो का ते पाहा : ५,००० आरपीएमला २५० न्यूटन-मीटर म्हणजे १७८ पीएस. टर्बो तिथवर तेवढी हवा देईलच असं नाही.

प्रश्न : सर्व्हिसिंगआधी मूळ फाइल टाकली तर वॉरंटी वाचेल का? आरटीओचं काय? (ठाणे)

उत्तर : फोक्सवॅगन समूहाच्या गाडीत कंपनीच्या सर्व्हरवर बदललेलं सॉफ्टवेअर आढळलं, की कंपनीच्या नोंदीत गाडीवर ‘टीडी१’ नावाची खूण पडते आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी अडते. मूळ फाइल परत टाकली तरी फ्लॅश काउंटर (सॉफ्टवेअर किती वेळा लिहिलं त्याची मोजणी) वाढलेला असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करू देत नाही. परवानगी नसलेल्या बदलाला १८२ए(४)खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दावा अडवायला पुरतो.